शब्दकोड्यात अर्थ कळतो, पण उत्तर घरात बसत नाही: अनेकार्थी शब्दांवरचे उपाय

अडचण जवळजवळ नेहमी सारखीच असते. सूचना असते 'तीर', पुढे दोन घरे. आपण 'काठ' किंवा 'तट' लिहून मोकळे होतो. थोड्या वेळाने लक्षात येते की वरून येणाऱ्या उभ्या शब्दाला दुसऱ्या घरात 'ण' हवा आहे. मग खोडरबर निघतो, मग त्या उभ्या शब्दाबद्दलच शंका येऊ लागते आणि शेवटी तो कोपरा तसाच राहतो. उत्तर होते 'बाण'. रचणाऱ्याच्या मनात नदीचे तीर नव्हते, धनुष्यातून सुटणारा तीर होता.

मी एका छोट्या मासिकासाठी शब्दकोडी रचते. वाचक सर्वांत जास्त विचारतात ते अशाच सूचनांबद्दल, आणि बहुतेकांना वाटते की आपला शब्दसंग्रह कमी पडला. मला हे मुळीच पटत नाही. 'बाण' कोणाला माहीत नाही? शब्द ओळखीचाच असतो. पहिला सुचलेला अर्थ आपण धरून बसतो, म्हणून तो हाती लागत नाही. अशा वेळी आणखी अर्थ आठवत बसण्यापेक्षा व्याकरणाकडे वळावे, असे मी सगळ्यांना सांगते. ते कसे, ते खाली लिहिते आहे.

आधी ठरवा: दोन अर्थ सूचनेचे आहेत की उत्तराचे?

'तीर' हा सूचनेतलाच शब्द दुअर्थी होता. अशा वेळी त्याच्या प्रत्येक अर्थाचे समानार्थी शब्द समासात वेगवेगळे मांडावेत: एकीकडे काठ, तट, थडी, दुसरीकडे बाण, शर. हाती आलेल्या एका अक्षरावर बहुतेक वेळा निकाल लागतो.

उलट प्रकारात सूचना अगदी स्वच्छ असते, पण उत्तराचा मागितलेला अर्थ आपल्या रोजच्या बोलण्यातला नसतो. 'मोठी पळी', दोन घरे: 'डाव'. पत्त्यांचा डाव, कुस्तीतला डाव चटकन आठवतो. आमटी वाढायचा डाव स्वयंपाकघरात असूनही आठवत नाही. तसेच 'दुसऱ्याची जमीन कसणारा', म्हणजे 'कूळ'. शहरात वाढलेल्यांना कूळ म्हणजे घराणे. १९४८च्या कूळकायद्यामुळे ज्यांच्या घरात जमीन आली किंवा गेली, त्यांना ही सूचना विचारसुद्धा करायला लावत नाही. इथे सूचनेकडून उत्तराकडे जाण्याचा हट्ट सोडावा. 'डा' मिळाला असेल तर डाळ, डाग, डास, डाक, डाव असे सगळे लिहून काढावे आणि एकेका शब्दाला विचारावे, 'तुझा आणखी कुठला अर्थ आहे?'

हा त्रास दोन घरांच्या शब्दांत जास्त का होतो, याला कारण आहे. आपल्या कोड्यात एका घरात काना-मात्रा-वेलांटीसकट अख्खे अक्षर बसते, त्यामुळे दोन-तीन घरांचे शब्द भरपूर लागतात. मराठीतले हे छोटे शब्द निरनिराळ्या वाटांनी आले आणि एकाच रूपात येऊन थांबले. 'पर्ण' झिजून 'पान' झाले, पण संस्कृतात 'पिणे' या अर्थाचे 'पान' आधीपासून होतेच, ते दुग्धपान-मद्यपानात राहिले. 'पृष्ठ' झिजून 'पाठ' झाली आणि शाळेतला 'पाठ' होताच. काठ या अर्थाचे तीर संस्कृत, तर बाण या अर्थाचा तीर फारसी. चौथा हिस्सा म्हणजे पाव, आणि पोर्तुगिजांबरोबर आलेला पावही पाव. म्हणून दोन घरे दिसली की दुसरा अर्थ असणारच असे धरूनच सुरुवात करावी.

लिंग पाहा

मराठीत शब्दाचा अर्थ बदलला की पुष्कळदा त्याचे लिंगही बदलते. हार घातला, हार पत्करली. पाठ वाचला, पाठ दुखली. केळीची साल, पण सरते साल. मोत्यांचा सर, पावसाची सर. उघडा माळ, तुळशीची माळ. रचणारा अर्थ लपवतो, पण सूचना वाक्यात लिहिली की 'चा-ची-चे' कुठेतरी ठेवावेच लागते. तिथे बोट ठेवा.

'झाडाचे असते, माणसाची असते' अशी सूचना घ्या. घाईने वाचले तर मनात पान, फळ, मूळ, सावली असे काहीबाही येते. पण 'झाडाचे' म्हणजे नपुंसकलिंगी आणि 'माणसाची' म्हणजे स्त्रीलिंगी. एकच शब्द, दोन लिंगे. सावली दोन्हीकडे 'ची', म्हणून बाद. पान, फळ, मूळ दोन्हीकडे 'चे', म्हणून तीही बाद. उरते 'खोड'. झाडाचे खोड, माणसाची खोड. 'विठ्ठलाच्या पायाखालची, अति झाल्यावर येणारा' हीदेखील त्याच जातीची सूचना: वीट. 'पुण्यात मुठेला मिळते, कोशिंबिरीत किसून घालतात' यात लिंग अर्धेच उघडे आहे, तरी 'मिळते' पाहून नदी कळते आणि 'मुळा' येतो.

'वेळ' मात्र सावधपणे हाताळावा. बराच वेळ गेला, पण जायची वेळ झाली. कालावधी म्हटला की पुल्लिंगी, नेमका क्षण म्हटला की स्त्रीलिंगी. मराठी माणूस बोलताना इथे सहसा चुकत नाही. कोडे सोडवताना हे ध्यानात ठेवले की 'अवधी' आणि 'घटका' यांतले कुठले उत्तर हवे तेही कळते.

लिंगाने भागले नाही तर क्रियापद लावा

माझ्या मते सर्वांत उपयोगी उपाय हाच. काही शब्दांचे लिंग सगळ्या अर्थांत एकच असते. 'पान' नपुंसकलिंगीच, 'कळ' स्त्रीलिंगीच. तिथे लिंग काही सांगत नाही. पण मराठी शब्द एकटा फिरत नाही, अर्थागणिक त्याचे क्रियापद ठरलेले असते. पान गळते, पान उलटतात, पान वाढतात, पान लावतात. एवढे म्हटले की झाड, पुस्तक, जेवणाची पंगत आणि सुपारी-कात-चुना हे चारही अर्थ समोर उभे राहतात. कळ येते ती दुखण्याची, कळ दाबतात ती यंत्राची, कळ लावतात ती भांडणाची, आणि 'जरा कळ काढ' म्हणतात तेव्हा धीर धरायला सांगतात.

म्हणून अडलेला शब्द मनात नुसता घोळवत राहू नका. त्याच्यामागे येणे, पडणे, लागणे, बसणे, घालणे, काढणे, बांधणे, धरणे अशी रोजची क्रियापदे एकामागून एक लावून मोठ्याने म्हणा. मोठ्याने म्हणण्याला महत्त्व आहे, कारण मनाला न आठवलेला वाक्प्रचार जिभेला आठवतो.

'चाळ' या शब्दावर हे करून पाहू. समजा सूचना आहे 'फडावर उभे राहण्याआधी पायात बांधतात' आणि तुमच्याकडे दुसरे अक्षर 'ळ' आहे. बांधतात म्हटल्यावर वाळे येतील का? ते घालतात, बांधत नाहीत. तोडे? तेही घालतात. शिवाय दोघांच्या शेवटी 'ळे' आणि 'डे', नुसता 'ळ' नाही. आता 'बांधणे'ला 'ळ'ने संपणारे शब्द जोडत जा. माळ बांधत नाहीत, ओवतात. टाळ वाजवतात. चाळ... चाळ बांधतात! कंत्राटदाराने चाळ बांधली हे आधी आठवेल, कारण गिरगाव-परळमुळे तोच अर्थ आपल्या मनात वर आहे. पण क्रियापद जुळले आहे, तेव्हा शब्द सोडू नका. फक्त लिंग फिरवून पाहा. 'चाळ बांधली' म्हणजे इमारत, 'चाळ बांधले' म्हणजे घुंगरू. तमाशातली नर्तकी चाळ बांधते ते हे. त्याच ओघात शेतावरची कांदाचाळ आठवेल, आणि 'पीठ चाळ' हेही आठवेल. ते पुढच्या उपायात कामाला येणार आहे.

याच सूचनेत आणखी एक दुअर्थी शब्द आहे, 'फड'. तमाशाचा फड उभा राहतो, उसाचा फड तोडतात, कुस्तीचा फड रंगतो. 'फडावर' वाचून जो थेट उसात गेला, त्याला पायात बांधायचे काही सापडणारच नाही. सूचना लांब असेल तेव्हा तिच्यातल्या प्रत्येक नामाला असे क्रियापद लावून पाहिलेले बरे.

'घाट' आणि 'पाट' हे आम्हा रचणाऱ्यांचे आवडते, कारण त्यांचे सगळे अर्थ पुल्लिंगी आहेत. घाट चढतात तो डोंगरातला, घाटावर उतरतात तो नदीचा, दागिन्याला किंवा भांड्याला घाट असतो तो घडणीचा, आणि समारंभाचा घाट घालतात तो खटाटोपाचा. पाट मांडतात जेवायला, पाट फोडतात शेताला पाणी द्यायला, आणि जुन्या बोलीत पाट लावतात तो विधवेचा पुनर्विवाह. 'यावर बसून जेवतात, यातून भिजवतात' या सूचनेत दोन्ही क्रियापदे दिलीच आहेत.

सूचना हुकूम सोडते आहे का?

उत्तर नामच असेल, असे आपण न ठरवता गृहीत धरतो. पण मराठीत पुष्कळ दोन अक्षरी नामे ही आज्ञार्थी क्रियापदेही असतात. 'केसांत घाल': माळ. 'प्रसन्न हो': पाव. 'दुर्लक्ष कर': टाळ. 'पिठातला कोंडा काढ': चाळ. स्वयंपाकघरात तर असे शब्द ढिगाने सापडतात. कणीक 'मळ' आणि अंगावरचा मळ. गहू 'दळ' आणि तुळशीचे दळ. चटणी 'वाट' आणि गावाची वाट, शिवाय प्रसाद 'वाट' आहेच.

सूचनेच्या शेवटी 'घाल, कर, दे, हो, जा' असे काही असेल तर उत्तरही आज्ञार्थी असले पाहिजे. सूचना 'घालणे, करणे' अशी असेल तर उत्तराला शेवटी 'णे' हवे. सूचना आणि उत्तर एकाच रूपात असणे हा जुना संकेत आहे, आणि तो पाळणारे कोडे सोडवायला आनंद होतो. अनेकवचनाचेही तसेच. सूचनेत 'चांदणी' असेल तर 'तारा' म्हणजे नक्षत्रातली; 'विजेच्या खांबांवरून जातात' असेल तर त्याच 'तारा' तारेच्या अनेकवचनी. 'माळा' म्हणजे घराच्या वरचा मजला आणि पुष्कळ माळाही. 'वाटा' म्हणजे हिस्सा आणि रस्तेही.

शुद्धलेखनाने एक झालेले शब्द

हे कारण सहसा कोणी सांगत नाही, आणि जुन्या वळणाच्या वाचकांना तर ते फार छळते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले. त्यांत ज्याचा उच्चार होत नाही तो अनुस्वार गेला. त्याआधी माणसाचे 'नांव' आणि पाण्यातली 'नाव' कागदावर वेगळी दिसत. आता दोन्ही 'नाव'.

त्याच नियमांनी संस्कृतातून आलेल्या शब्दांच्या शेवटचे ऱ्हस्व इकार-उकार मराठीत दीर्घ झाले. त्यामुळे हात या अर्थाचा 'पाणि' एकटा लिहिताना 'पाणी' होतो आणि प्यायच्या पाण्यात मिसळतो. 'वारि' म्हणजे पाणी, ते 'वारी' होऊन पंढरीच्या वाटेला लागते. म्हणून 'हात' या सूचनेचे उत्तर 'पाणी' निघाले तर रचणाऱ्याला दोष देऊ नका. चक्रपाणी, पाणिग्रहण हे शब्द आठवून पाहा. समासात पहिले पद असले की वेलांटी पुन्हा ऱ्हस्व होते, हेही त्यात दिसेल.

शब्दाच्या मधले ऱ्हस्व-दीर्घ मात्र अजून अर्थ वेगळा ठेवतात. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा. काही कोडी 'दि' आणि 'दी' एकच मानून चालतात. मी त्याच्या विरुद्ध आहे. आडव्यात ऱ्हस्व आणि उभ्यात दीर्घ चालवले, तर सोडवणाऱ्याकडे पडताळा घ्यायला काहीच उरत नाही.

उच्चाराचा गोंधळही इथलाच. 'जरा' म्हणजे थोडेसे, आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण; 'ज' वेगळा उच्चारतो, लिहितो एकच. 'जग' तर तिहेरी: दुनिया, 'जिवंत राहा' ही आज्ञा, आणि टेबलावरचे पाण्याचे भांडे. शब्द दोन्ही 'ज'नी, दोन्ही 'च'नी म्हणून पाहावा.

संस्कृतचा साठा

'सूर्य' या सूचनेवर बरेच जण 'रवी' लिहून थांबतात. सूर्यनमस्कार घालणाऱ्यांना खरे तर बारा उत्तरे पाठ असतात. मित्र, रवी, सूर्य, भानू, खग यांपासून अर्क, भास्करापर्यंत. त्यांतले तीन पक्के अनेकार्थी आहेत: मित्र म्हणजे दोस्त, खग म्हणजे पक्षी, अर्क म्हणजे रुई आणि काढून घेतलेले सत्त्वही. सूर्य विचारला असता कोणाच्या मनात दोस्त येत नाही, म्हणूनच रचणाऱ्याला 'मित्र' आवडतो.

'कर' म्हणजे हात, किरण, हत्तीची सोंड आणि सरकारला भरायचा तो, शिवाय 'काम कर' आहेच. 'द्विज' ब्राह्मण, पक्षी आणि दात. ज्याला दोनदा जन्म तो द्विज, एवढे ध्यानात ठेवले की अंड्यातून येणारा पक्षी आणि दुधाचा पडून पुन्हा येणारा दात दोन्ही आपोआप सुचतात. 'अंबर' आकाश आणि वस्त्र, 'पतंग' सूर्य, दिव्यावरचा किडा आणि संक्रांतीला उडवायचा. असे शब्द पाठ करण्याची गरज नाही, त्यांचे समास आठवावेत. पीतांबर म्हटले की वस्त्र आले, करभार म्हटले की कर आला, चरणकमल म्हटले की कवितेच्या ओळीचा नव्हे तर पायाचा चरण आला.

कोश कसा उघडावा

सुरुवातीलाच कोश उघडला तर कोड्याची मजा जाते, पण अडून बसल्यावर तो जरूर पाहावा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर शोधता येतात. शब्दापुढे पु., स्त्री., न. असे लिंग दिलेले असते. एकाच शब्दाच्या नोंदी लिंगाप्रमाणे पाहत गेलात तर वरचे सगळे काम कोशच करून देतो. हे कोश जुन्या लेखनात आहेत, तेव्हा 'नाव' पाहताना 'नांव'ही पाहा, 'वारी' पाहताना 'वारि'ही पाहा. क्रियापदाच्या उपायासाठी दाते-कर्व्यांचाच महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश हाताशी असेल तर फारच चांगले. आणि ज्यांना संस्कृतची गोडी आहे त्यांनी अमरकोशाचा नानार्थवर्ग वाचावा. त्यात अनेकार्थी शब्दच एकत्र केलेले आहेत, आणि तेही शेवटच्या व्यंजनाच्या क्रमाने. ज्याच्या हाती फक्त शेवटचे अक्षर आहे त्याला याहून सोयीचे काय असणार!

हे सगळे करूनही बसले नाही तर

मग दोनच शक्यता राहतात. एक, आडवा बरोबर असून उभाच चुकलेला आहे. जो शब्द सूचनेवरून निर्विवाद आला तो ठेवावा, जो नुसता अक्षरे जुळली म्हणून लिहिला तो आधी खोडावा. दुसरी शक्यता, सूचनाच सदोष आहे. 'नदी' एवढीच सूचना आणि दोन घरे असतील तर गंगा, भीमा, तापी, मुळा, मुठा सगळ्याच बसतात. दोन्ही घरांतून उभे शब्द जात नसतील तर असे कोडे सोडवणाऱ्यावर अन्याय करते. तसेच 'बाण' या सूचनेला दुसरे अक्षर 'र' एवढेच मिळत असेल, तर शर आणि तीर दोन्ही बरोबर, आणि पहिले घर मोकळे सोडणे ही रचणाऱ्याची हयगय. अर्थ कितीही लपवावा, पण लिंग, वचन आणि आज्ञार्थ यांबाबत सूचनेने फसवू नये, असे मी स्वतः कोडे रचताना मानते.

अशी सूचना सापडली तर संपादकांना अवश्य कळवा. आडवा की उभा, क्रमांक किती, छापलेले उत्तर कुठले आणि तुमचे दुसरे उत्तर कुठल्या अर्थाने बसते, एवढे दोन ओळींत लिहिले तरी पुरते. मला असे पत्र आले आणि ते बरोबर निघाले, तर पुढच्या अंकात मी दोन्ही उत्तरे ग्राह्य धरल्याची ओळ छापायला देते.